वहीत रोज एकच शब्द येतोय: टेन्शन

पाऊलखूण:

नमस्कार. बरेच महिने इथलं नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ.

वय 37. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग तयार करणाऱ्या विभागात काम करतो. बारा वर्षं स्वतः ड्रॉइंग काढली. चौदा महिन्यांपूर्वी बढती मिळाली, आता नऊ जणांनी काढलेली ड्रॉइंग तपासून मंजूर करतो. घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी. तब्येत ठीक आहे, पगार वाढलाय, सगळ्यांनी अभिनंदन केलं. तक्रार करावी असं काही नाही, म्हणून कुणाकडे करतही नाही.

पण घरात मी कसा वागतोय ते मला दिसतंय. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. मुलीच्या हातून रंगीत खडूंचा डबा पडला आणि खडू खोलीभर पसरले. मी काही बोललो नाही, नुसतं पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, तू रागावलास?" मी म्हणालो, "नाही." पण ते 'नाही' एवढ्या जोरात आलं की ती खडू तसेच टाकून आत निघून गेली. मग मीच खाली बसून एकेक खडू डब्यात भरला. मी रागावलो नव्हतो हे खरंच होतं. मग काय झालं होतं, हे तिने विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

बायको रोज विचारते, "काय झालंय?" माझं उत्तर ठरलेलं: "काही नाही." हल्ली तिने विचारणं कमी केलंय. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

समुपदेशकांकडे जायला लागलोय. तीन भेटी झाल्या. त्यांनी सांगितलं, रोज रात्री वहीत लिहा, आज काय वाटलं. 23 दिवस न चुकता लिहिलं. काल सगळी पानं सुरुवातीपासून वाचली. 17 दिवस 'टेन्शन'. 4 दिवस 'बरं'. 2 दिवस 'काही विशेष नाही'. वही मिटून ठेवली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

मला खरंच काही वाटतच नाही, की वाटतं आणि कळत नाही? कुणी यातून गेलंय का? आणि मुख्य म्हणजे, ही वही लिहीत राहण्यात काही अर्थ आहे का?

निळाई:

माझा अनुभव जरा उलटा आहे, म्हणून आधी लिहिते. मीही अशीच वही लिहायचे. त्याने मी दिवसभर स्वतःलाच तपासत राहायला लागले. आत्ता काय वाटतंय, मघाशी का वाटलं, हे योग्य आहे का. शेवटी वही बंद केली आणि पोहायला जायला लागले. पाण्यात असताना डोकं शांत होतं, आणि त्या शांतपणातच बऱ्याच गोष्टी आपोआप सुटल्या.

भावना फार उकरू नयेत असं मला मनापासून वाटतं. तुम्ही मुलीसोबत बसून खडूंनी चित्रं काढा. त्याने वहीपेक्षा जास्त फरक पडेल.

काना_मात्रा:

पाऊलखूण, तुमचं पोस्ट सकाळी वाचलं आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी 31 वर्षं मुद्रितशोधन केलं. पुस्तकांची प्रुफं वाचणं, एवढंच माझं काम. दुसऱ्याच्या वाक्यात कुठला शब्द चुकीच्या जागी बसलाय ते मला लांबून कळतं. आणि तरीही आठ महिने मी माझ्या स्वतःच्या मनासाठी चुकीचा शब्द वापरत होते, ते मला कळलं नव्हतं.

माझी लहानपणापासूनची मैत्रीण आजारी होती. शेवटच्या आठवड्यात ती रुग्णालयात होती आणि माझ्या टेबलावर एका जाड पुस्तकाचे शेवटचे तीन फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे संच, होते. छपाईची तारीख ठरलेली. मी तिच्या मुलीला कळवलं, रविवारी नक्की येते. ती शुक्रवारी गेली.

त्यानंतर मी सगळ्यांना सांगत होते की मला दुःख झालंय. लोकही दुःखाला जे सांगतात तेच सांगत होते: वेळ जाऊ दे, रडून घे, आठवणी लिहून काढ. मी सगळं केलं. आठवणी लिहिल्या. रडू मात्र यायचं नाही. झोप उडाली होती. कामात कधी झाली नाही अशी चूक झाली, एका पानावर तीच ओळ दोनदा छापली गेली आणि ती माझ्या नजरेखालून सुटली. मला वाटायचं, दुःख फार मोठं आहे म्हणून वेळ लागतोय.

मग एक दिवस एका कादंबरीचं दुसरं प्रूफ वाचत होते. त्यात एक म्हातारा गृहस्थ भावाच्या शेवटच्या भेटीला पोचू शकत नाही, त्याबद्दल लेखकाने लिहिलं होतं, 'त्याच्या मनाला चुटपुट लागून राहिली.' मी थांबले. चुटपुट एवढी मोठी नसते. बस दोन मिनिटांनी चुकली की चुटपुट लागते. मी शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला आणि समासात लेखकासाठी लिहिलं: 'रुखरुख? की सल?' दोन्ही शब्द लिहिले आणि कोणता बरोबर हे ठरवायला लागले. रुखरुख म्हणजे एखादी गोष्ट करायची राहून गेली, ती मनातून जात नाही. सल म्हणजे आत मोडलेला काटा, वरून दिसत नाही, पण हात लागला की कळ येते. शोधता शोधता पेन्सिल हातातच राहिली. मी लेखकाच्या माणसासाठी शब्द शोधत नव्हते.

माझ्या पोटात जे आठ महिने होतं ते दुःख नव्हतं. मी गेले नाही, हे होतं. तीन फर्म्यांसाठी गेले नाही.

आता यातली महत्त्वाची गोष्ट सांगते. शब्द सापडल्यावर मला लगेच बरं वाटलं असं अजिबात नाही. उलट त्या रात्री पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली. पण काय करायचं ते कळलं. दुःखावर करण्यासारखं फारसं काही नसतं, ते सोसायचं असतं. सल असेल तर मात्र ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जावं लागतं. ती नव्हती, तिची मुलगी होती. मी तिला फोन केला आणि सरळ सांगितलं की मला येता आलं असतं, मी आले नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, मला तुझा राग आला होता. बरं झालं बोललीस." एवढंच. पाच-सहा मिनिटांचा फोन होता. तो ठेवल्यावर मी मैत्रिणीसाठी पहिल्यांदा रडले. दुःख तेव्हा सुरू झालं, आठ महिने उशिरा.

म्हणून तुमच्या वहीतल्या 17 'टेन्शन'ना मी रिकामी पानं मानत नाही. त्या एका शब्दाखाली निदान चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडपलेल्या असणार. आपल्या भाषेत त्या प्रत्येकीला स्वतंत्र नाव आहे, आणि प्रत्येकीचं मागणं वेगळं आहे. धाकधूक म्हणजे काहीतरी ठरायचं आहे आणि ते चांगलंही निघू शकतं. तिथे तयारी करायची आणि वाट पाहायची. धास्ती एखाद्या माणसाची किंवा गोष्टीची असते, ती रोज सोबत असते. तिथे आधी 'कुणाची?' हे विचारावं लागतं. वैताग तेच ते पुन्हा पुन्हा झाल्यावर येतो, म्हणजे कुठली तरी घडी बदलायला हवी. घालमेल होते तेव्हा दोन इच्छा दोन बाजूंना ओढत असतात आणि आपण एकच कबूल केलेली असते. हिरमोड झाला असेल तर आधी आपण काहीतरी आशा धरली होती, आणि बहुतेक वेळा ती कुणाला सांगितलेली नसते. हे सगळं 'टेन्शन' म्हणून एका गठ्ठ्यात बांधलं की मग त्यावर उपायही एकच उरतो, गप्प बसणं.

तुम्हाला शब्द सुचत नसतील तर मनापासून सुरुवात करू नका, शरीरापासून करा. आपल्याकडच्या जुन्या बोलण्यात हे किती नेमकं आहे बघा. पोटात गोळा येतो. छातीत धस्स होतं. आवंढा गिळतो. कानशिलं तापतात. हातपाय गळतात. जीव टांगणीला लागतो. हे बोलण्यातले अलंकार आहेत असं आपण शाळेत शिकलो, पण आधी कुणाला तरी ते तिथे, त्या जागी जाणवलं असणार. उद्या वहीत 'टेन्शन' लिहाल तेव्हा पुढे दोनच गोष्टी लिहा: किती वाजता, आणि अंगात कुठे. नाव नंतर मिळेल.

पाऊलखूण:

ताई, तुमचं दोनदा वाचलं. मैत्रिणीबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. इतकं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार.

तुम्ही सांगितलं तसं पाच दिवस केलं. वेळ आणि जागा लिहिली. एक गोष्ट लगेच दिसली: पाचपैकी चार दिवस दुपारी साडेतीन ते साडेचारच्या मध्ये. जागा मात्र विचित्र आहे. छाती नाही, पोट नाही. मनगटापासून पुढे, हाताचे पंजे. काय करावं ते न सुचल्यासारखे.

पण एक अडचण आहे. काल रात्री लिहायला बसलो आणि थांबताच येईना. मुलीवर ओरडलो तो प्रसंग, त्याआधीचा, त्याच्याही आधीचा, मी बाप म्हणून कसा आहे, असं करत दीड वाजला. सकाळी आधीपेक्षा जड वाटत होतं. निळाई म्हणाल्या तेच खरं का?

अवधान:

मी समुपदेशन करतो. पाऊलखूण यांचे समुपदेशक त्यांना ओळखतात, मी नाही, तेव्हा माझं बोलणं त्यांच्या सल्ल्याच्या खालचं समजावं.

निळाई आणि काना_मात्रा दोघीही बरोबर सांगताहेत, फक्त दोन वेगळ्या गोष्टींबद्दल. भावनेला नाव देणं एक, आणि तीच ती गोष्ट मनात दळत राहणं दुसरं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात.

दळत राहण्यावर सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर काम केलं. त्यांचा एक अभ्यास योगायोगाने झाला. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली होती: मन खिन्न असताना तुम्ही काय करता? त्यानंतर 14 दिवसांनी, 17 ऑक्टोबर 1989 ला तिथे मोठा भूकंप झाला. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना 10 दिवसांनी आणि 7 आठवड्यांनी पुन्हा गाठलं. ज्यांना आधीपासून 'असं का झालं, मीच असा का' हे घोळवायची सवय होती, त्यांची खिन्नता दोन्ही वेळी जास्त होती. पुढे एका प्रयोगात त्यांनी खिन्न असलेल्या लोकांना फक्त 8 मिनिटं स्वतःबद्दल विचार करायला लावलं, आणि दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ भलत्याच गोष्टींकडे लक्ष द्यायला लावलं. पहिल्यांची खिन्नता वाढली, दुसऱ्यांची कमी झाली. म्हणजे निळाई यांचं पोहणं अगदी खरं औषध आहे. काल रात्री साडेबाराला तुम्हाला तेच हवं होतं.

आता नाव देण्याबद्दल. 2007 साली मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 30 जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं तेव्हा अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूतला भाग, शांत झालेला दिसला. त्याच चेहऱ्यासाठी माणसाचं नाव निवडायला सांगितलं तेव्हा तसं झालं नाही. 2012 मध्ये कोळ्याची भीती असलेल्या 88 लोकांना जिवंत टॅरँट्युलाजवळ, म्हणजे एका मोठ्या केसाळ कोळ्याजवळ, जायला सांगितलं गेलं. काहींनी भीती शब्दांत मांडली, काहींनी 'तो काही करत नाही' अशी समजूत घातली, काहींनी लक्ष दुसरीकडे वळवलं, काही नुसतेच जवळ गेले. आठवड्याने पुन्हा कोळ्यासमोर आणल्यावर, भीती बोलून दाखवलेल्यांच्या हाताचा घाम बाकीच्यांपेक्षा कमी होता. घाबरल्याचे शब्द ज्यांनी जास्त वापरले, त्यांना फायदाही जास्त झाला.

दोन्ही ठिकाणी वेळ बघा. काही सेकंद. एक वाक्य. नाव दिलं आणि झालं. तुम्ही काल दीडपर्यंत जे केलं ते नाव देणं नव्हतं, तो खटला होता आणि आरोपी तुम्ही होता. 'मी बाप म्हणून कसा आहे' ही भावना नाही, हा निकाल आहे.

मोठं लिहायचं असेल तर त्यालाही हद्द असू द्या. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेबद्दल रोज 15 मिनिटं, सलग 4 दिवस लिहिलं. इतकंच. ज्यांनी घटना आणि त्याबद्दल काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. पण लिहून झाल्याझाल्या त्यांना बरं नाही, आणखी वाईट वाटत होतं. तेव्हा सकाळी जड वाटलं एवढ्याने घाबरू नका. घड्याळ लावा, पंधरा मिनिटांनी वही बंद, आणि झोपायच्या आधी नको, संध्याकाळी लवकर.

'काही वाटतच नाही की कळत नाही' हा तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. भावना ओळखायला आणि सांगायला कठीण जाण्याला मानसशास्त्रात अलेक्सिथायमिया म्हणतात. पीटर सिफ्नेओस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक शब्द जोडून हे नाव केलं: भावनेसाठी शब्द नसणं. हा आजार नाही, कमी-जास्त प्रमाणात असणारा स्वभावविशेष आहे. खडूच्या प्रसंगात 'मी रागावलो नव्हतो' हे तुम्ही ज्या खात्रीने लिहिलंत त्यावरून मला वाटतं की तुम्हाला कळतं, शब्द सापडायला वेळ लागतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर शब्द शोधत बसू नका. डॉक्टरांना भेटा, समुपदेशकांना त्याच दिवशी सांगा.

काना_मात्रा:

अवधान, तुम्ही 'खटला' म्हणालात ते फार पटलं. मीही शब्द सापडल्यावर दोन रात्री तेच केलं होतं, फोन करेपर्यंत.

पाऊलखूण, मला तुमच्या हातांबद्दल बोलायचंय. बारा वर्षं ज्या हातांनी ड्रॉइंग काढली तेच हे हात. साडेतीन वाजता नेमकं काय होतं? ड्रॉइंग मंजुरीला त्याच वेळी येतात का?

तसं असेल तर 'टेन्शन' बाजूला ठेवा. 'चिडचिड'ही बाजूला ठेवा, तो शब्द पटकन हाती लागतो म्हणून आपण घेतो. प्रुफं वाचताना माझा एक नियम होता: शब्द बदलून पाहायचा आणि वाक्य मोठ्याने वाचायचं. चुकीचा असेल तर जीभ अडखळते. तुम्हीही तसंच करा. 'मला कंटाळा आलाय', 'मला भीती वाटते', 'मला हेवा वाटतो', असं एकेक म्हणून बघा. बरोबर शब्दाशी आलात की तुम्ही थांबाल. आणि तो शब्द नामच असला पाहिजे असं नाही. कधी क्रियापद असतं, कधी अख्खं वाक्य.

आणि पत्नीबद्दल. भाव लपवण्यालासुद्धा आपल्या परंपरेत नाव आहे. नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भाव सांगितलेत, म्हणजे येऊन जाणारे. त्यांतला एक आहे अवहित्थ: मनातलं चेहऱ्यावर दिसू न देणं. मला हे कळलं तेव्हा फार धीर आला. लपवणं हासुद्धा एक भावच आहे. तुमच्या 'काही नाही'मागे काहीतरी असतं, ते तुमच्या पत्नीला दिसतं, म्हणूनच ती इतके दिवस विचारत राहिली.

अवधान:

याला जोडून एक सांगतो. 2003 मधला एमिली बटलर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोघी-दोघींना एक अस्वस्थ करणारा चित्रपट दाखवून त्यावर बोलायला सांगितलं, आणि काही जोड्यांत एकीला गुपचूप सूचना दिली की मनातलं अजिबात दिसू द्यायचं नाही. समोरचीला यातलं काही माहीत नव्हतं. तरी समोरचीचाही रक्तदाब वाढला. आपण गिळलेलं दुसऱ्याच्या अंगावर येतं, ते असं.

निळाई:

माझं आधीचं थोडं घाईत लिहिलं होतं. वही बंद करा असं सरसकट म्हणायला नको होतं. मी जे करत होते ते दळणंच होतं, हे आज वाचून कळलं.

पाऊलखूण:

तीन आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला त्याबद्दल क्षमा असावी.

ताई, हो. साडेतीनला दिवसभराची ड्रॉइंग मंजुरीला येतात. मागच्या मंगळवारी एका मुलीने काढलेलं गिअरच्या आवरणाचं ड्रॉइंग पडद्यावर उघडलं. चांगलं होतं. एका कोपऱ्याची गोलाई मी वेगळी घेतली असती, बरोबर-चूक असं काही नाही, फक्त वेगळी. हात माउसवर गेला आणि मी तो मागे घेतला, कारण ते माझं काम नाही. तेव्हा पंज्यांत ते आलं.

दार लावून घेतलं आणि तुम्ही सांगितलं तसं एकेक शब्द हळू आवाजात म्हणून पाहिला. कंटाळा, नाही. राग, नाही. त्या मुलीचा हेवा, थोडासा, पण तेवढ्यावर थांबलो नाही. मग 'मी माझ्या कामाला मुकलो' असं आलं, आणि पुढचा शब्द म्हणायची गरजच राहिली नाही. डोळ्यांत पाणी आलं. बढती मिळाल्याच्या दिवशी सगळे हात मिळवत होते तेव्हापासून ते तिथेच होतं बहुधा. अभिनंदन घेताना असं म्हणायचं तरी कसं?

घरी गेल्यावर बायकोला हेच वाक्य सांगितलं, तसंच, न वाढवता. ती म्हणाली, "मला वाटत होतं मी काहीतरी चुकले." वर्षभर तिला असं वाटत होतं. हे मला माहीत नव्हतं. अवधान, रक्तदाबाचं तुम्ही लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं.

साहेबांकडे विचारलंय, महिन्यातून एक-दोन ड्रॉइंग मी स्वतः काढू का. विचार करून सांगतो म्हणाले. अजून उत्तर नाही, त्यामुळे आता धाकधूक आहे. वहीत तसंच लिहिलंय: धाकधूक, सकाळी अकरा, पोटात. संध्याकाळी सातला पंधरा मिनिटं लिहितो आणि उठतो. दोनदा पुन्हा खटला सुरू झाला होता, तेव्हा चपला घालून बाहेर चालून आलो.

काल मुलगी पुन्हा खडू घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "रागावलास?" मी म्हणालो, "नाही गं. दमलोय, आणि थोडा हिरमुसलोय."

"हिरमुसलोय म्हणजे?"

मी सांगायला लागलो, पण मधेच ती म्हणाली, "कळलं. खेळायला जायचं असतं आणि पाऊस येतो तसं." आणि निळा खडू मला दिला.